आत्याच्या खोलीतली मंडळी

आमच्या घरात घड्याळापेक्षा पप्पांचा मान मोठा होता. घड्याळ मागेपुढे व्हायचं, पप्पा व्हायचे नाहीत. भांडुपच्या एका कारखान्यात ते टाइमकीपर होते. कोण कामगार वेळेवर आला आणि कोण उशिरा, हे लिहायचं त्यांचं काम. ते काम त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की रविवारी देवळात जाण्याआधी आई मटणाचा रस्सा स्टोव्हवर चढवायची आणि मुद्दाम विचारायची, "लिहून घेतलंत ना, किती वाजता ठेवला ते?" पप्पा खरंच घड्याळाकडे बघायचे. आम्ही राहायचो त्या नाहूरला आता स्टेशन आहे, तेव्हा नव्हतं. भांडुप नाहीतर मुलुंडला उतरायचं आणि धूळ तुडवत यायचं. आमची बैठी चाळ, पत्र्याची छपरं, समोर सामाईक नळ. एका बाजूला मालवणचे सावंत काका, गिरणीचा संप मिटेना म्हणून दिवसभर दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सल्ले देणारे. दुसऱ्या बाजूला आत्याची खोली. ती खोली आमचीच होती म्हणा ना. मी झोपायचे तिथेच, अभ्यास तिथेच, आणि आईने मारायला हात उगारला की पळायचेही तिथेच.

रविवारी पप्पा मंडळीचे सेक्रेटरी असत. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, आणि देवळात जमणाऱ्या माणसांना मंडळी. आमची बाप्टिस्ट मंडळी लहानशी, जालना आणि नगरकडून पोटामागे आलेल्या माणसांची. बाहेरच्यांना आमच्या दोन गोष्टी समजावून सांगाव्या लागतात. पहिली म्हणजे आमच्यात तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणसाने मोठं व्हावं, त्याला उमजावं, त्याने आपणहून उभं राहून आपल्या विश्वासाची साक्ष द्यावी, मंडळीने ती ऐकून हात वर करून त्याला स्वीकारावं, आणि मग त्याला पाण्यात पुरतं बुडवायचं. तोवर तुम्ही खुशाल पेटीवर गाणी म्हणा, सतरंज्या झटका, पण सभेत तुमचा हात मोजला जात नाही. दुसरी गोष्ट, आमच्या डोक्यावर कोणी बिशप नाही. पाळक, म्हणजे पास्टर, कोण असावा इथपासून सतरंजी लग्नाला उसनी द्यावी की नाही इथपर्यंत सगळं सभेत हात वर करून ठरतं. बाईचा हात आणि पुरुषाचा हात एकच मोजला जातो. लहानपणी मला वाटायचं जगात सगळीकडे असंच असतं. पुढे नोकरीला लागल्यावर तो गैरसमज गेला.

सभेत जे ठरे ते पप्पा इतिवृत्तात लिहीत. त्यांच्या आधीचे सेक्रेटरी आळशी होते. कोणी साक्ष दिली की "साक्ष दिली" एवढंच लिहून मोकळे. पप्पांना ते बघवेना. सेक्रेटरी झाल्याबरोबर त्यांनी ठराव आणून मंजूर करून घेतला की बाप्तिस्मा घेणाऱ्याची साक्ष शब्दशः लिहायची, आणि पुढच्या सभेत सगळ्या इतिवृत्ताबरोबर ती वाचून हात वर करून कायम करायची. त्यामुळे आमच्या सभा लांबत. लोक जांभया देत. कोणी कोणी तर पप्पा वाचू लागले की चपला शोधायला बाहेर जात आणि "कायम?" असा आवाज आला की दारातूनच हात वर करत.

आत्या पप्पांची मोठी बहीण, माहेरची साळवे, सासरची सगुणाबाई गायकवाड. नवरा लग्नानंतर लवकरच गेला. आईबाप आधीच गेलेले. तेव्हा धाकट्या भावाला बखोटीला धरून ती मुंबईला आली आणि मुलुंडच्या बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. पप्पांना शाळेत तिने घातलं, त्यांचं लग्न तिने लावलं, आणि ते सेक्रेटरी झाले तरी तिच्यासाठी ते शम्याच राहिले. शमुवेल हे नाव तिच्या तोंडून मी फक्त ती चिडल्यावर ऐकलं. तिच्या लुगड्याला कायम भाजलेल्या साखरेचा वास यायचा. कामगारांना गेटावर तुकडा बिस्किटं स्वस्तात मिळत. ती पिशवी भरून आणायची आणि शनिवारी आम्ही दोघी सुपात ओतून निवडत बसायचो. मोठे तुकडे शब्बाथ शाळेच्या, म्हणजे देवळातल्या रविवारच्या शाळेच्या, मुलांना, बारीक तुकडे आम्हाला, चुरा दुधात. आज दुकानात अख्खी, चकचकीत वेष्टनातली बिस्किटं मिळतात, पण मला त्यांची चव अर्धवट लागते.

बिस्किटं निवडता निवडताच तिने मला सुरुवात सांगितली होती, एकदा नाही, कितीतरी वेळा. चाळीत नवीन आली तेव्हा इथे आपल्या लोकांची उपासना अशी कुठे नव्हती. मग तिने आपल्या खोलीतच रविवारी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला सुरुवात केली. पोरं यायची ती बिस्किटांसाठी, हे ती लपवत नसे. पोरांमागे दोन बाया आल्या. एक सोनाबाई, जी पुढे प्रभूजवळ गेली, आणि दुसरी मार्थाबाई थोरात. एक फिरते उपदेशक अधूनमधून येत. त्यांनी या तिघींची साक्ष ऐकली आणि तिघींना पवईच्या तलावात नेऊन बाप्तिस्मा दिला. तलावात मगरी आहेत म्हणून उपदेशकसाहेब काठावर जरा घुटमळले. आत्या त्यांना म्हणाली, "तुम्ही उतरा, मगर आली तर आधी मी ओरडते." मग तिघी ओल्या लुगड्यांनी चालत घरी आल्या आणि पुढच्या रविवारपासून त्या खोलीत प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, सुरू झालं. आढ्याला एक लोखंडी आकडा होता, त्याला त्या कंदील टांगत. मी झोपायचे त्याच्या बरोबर खाली. अंगावर पडेल अशी भीती वाटायची, पण तो कधी पडला नाही.

मी कॉलेजात जाऊ लागले त्या वर्षी मंडळीच्या रौप्यमहोत्सवाचं निघालं. मांडव घालायचा, बाहेरच्या मंडळ्यांना बोलवायचं, बिर्याणी करायची, स्मरणिका छापायची, तिच्यात मंडळीचा इतिहास द्यायचा, आणि देवळाच्या दारापाशी संगमरवरी पाटी बसवायची. इतिहास लिहायचं काम थोरात काकांनी घेतलं. थोरात काका आमचे डिकन, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे, सफारी घालणारे, बँकेत असल्यामुळे बोलताना समोरच्याची सही तपासल्यासारखे बघणारे. मनाने वाईट नव्हते. मंडळीत कोणी आजारी पडलं की रात्रपाळीला पहिले दवाखान्यात तेच बसत. त्यांची म्हातारी आई म्हणजेच त्या मार्थाबाई. आम्ही त्यांना थोरातआजी म्हणायचो. कानांनी पार गेलेल्या, पुढच्या बाकावर शाल पांघरून बसायच्या आणि प्रवचनात सुखाने झोपायच्या. काकांनी हस्तलिखित पप्पांना वाचायला दिलं ते आमच्या टेबलावर आलं, आणि आईने भाकरी थापायची सोडून ते वाचलं.

त्यात लिहिलं होतं की या मंडळीची स्थापना कै. थोरात, म्हणजे काकांचे वडील, यांच्या घरी झाली, पहिले पाळक आले ते त्यांच्याच घरी उतरले, आणि नियमावलीही तिथेच मंजूर झाली. पाटीवर नावही त्यांचंच, "संस्थापक" म्हणून. आत्याचं नाव होतं ते शेवटी, स्वयंपाकात मदत करणाऱ्या भगिनींच्या आभारात.

"वन्संचं नाव कुठाय?" आईने विचारलं.

"पहिलं इतिवृत्त थोरातांच्या घरचं आहे," पप्पा म्हणाले. "त्याआधीचं कुठे काही लिहिलेलं नाही."

"लिहिलेलं नाही म्हणजे झालं नाही?"

पप्पांनी हस्तलिखिताची पानं नीट जुळवली. मग म्हणाले, "मी सेक्रेटरी, आणि ती माझी बहीण. मी उठून तिचं नाव घातलं तर लोक काय म्हणतील? साळव्यांनी घरचाच इतिहास छापून घेतला म्हणतील. इतिवृत्तात नाही ते मी कुठल्या तोंडाने मांडू?"

आमच्या आणि आत्याच्या खोलीमधली भिंत पत्र्याची. पलीकडून आवाज आला, "शमुवेल, माझं नाव कुठे घालायचं काही कारण नाही. मी काय मेले नाहीये. पण खोटं दगडात कोरू नका म्हणजे झालं. कागद उंदीर तरी खातो. दगड कोण खाणार?"

त्यानंतर दोन रविवार ती मागच्या बाकावर बसली. बिस्किटांची पिशवी आणायची, ती माझ्या हातात द्यायची आणि उपासना संपली की कोणाशी न बोलता चालू लागायची. माझी आत्या म्हणजे जिच्या हसण्याने सावंतांची मांजर पळायची ती बाई. ती गप्प झाल्यावर सगळी चाळ बिघडलेल्या रेडिओसारखी वाटू लागली. मला राग थोरात काकांचा आला, पण त्याहून जास्त पप्पांचा आला. जिने हाताला धरून आणलं तिच्यासाठी या माणसाला एक ओळ लिहिता येईना. आज मी त्यांच्या वयाची होऊन पुढे गेले आहे. त्यांची अडचण मला आज कळते. तेव्हा कळली नाही तेच बरं झालं, नाहीतर मीही गप्प बसले असते.

मी पाळकसाहेबांकडे गेले आणि मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे असं सांगितलं. ते तरुण होते, नुकतेच आले होते, दाढी वाढवून वयस्कर दिसायचा प्रयत्न करत होते. त्यांनी विचारलं, "का घ्यायचाय?"

"प्रभूवर विश्वास आहे म्हणून," मी म्हटलं. "आणि मला सभेत हात वर करायचाय म्हणून."

ते खूप हसले. "दुसरं कारण कोणी सांगत नाही गं," ते म्हणाले. "असतं मात्र बऱ्याच जणांचं. पहिलं खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मग शनिवारी साक्ष दे. मनापासून सांग. साक्षीत कोणी मध्ये बोलत नाही, तो आपला नियम आहे."

तो नियम मला माहीत होता. काय बोलायचं हे मी ठरवून गेले होते, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. पहिलं कारण खरं होतंच. लहानपणापासून त्या आकड्याखाली झोपून जे मनात रुजलं ते रुजलं होतं, फक्त उठून उभं राहायला निमित्त हवं होतं. ते थोरात काकांनी दिलं. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे, आणि हे मी त्यांना पुढे बोलूनही दाखवलं.

शनिवारच्या सभेला देवळात नेहमीचीच माणसं होती. थोरातआजी सांताक्रूझला लेकीकडे गेल्या होत्या. आत्या मागे, खांबाला टेकून. व्यासपीठाच्या बाजूच्या टेबलाशी पप्पा, समोर इतिवृत्ताचं पुस्तक, पेनात शाई भरून तयार. साक्षीत पाळक एक प्रश्न ठरलेला विचारतात, तो त्यांनी विचारला, "करुणा, तुला प्रभूकडे कोणी आणलं?"

मी म्हटलं, "माझी आत्या, भगिनी सगुणाबाई गायकवाड, हिने आणलं. मला एकटीलाच नाही, या मंडळीला तिने आणलं. इथे पाळक नव्हते, देऊळ नव्हतं, तेव्हा आमच्या चाळीत तिच्या खोलीत ती रविवारी शास्त्र वाचायची. पोरांना कारखान्यातली तुकडा बिस्किटं द्यायची. तिच्याबरोबर भगिनी सोनाबाई होत्या आणि भगिनी मार्थाबाई थोरात होत्या. तिघींनी पवईच्या तलावात बाप्तिस्मा घेतला आणि त्या खोलीत प्रभुभोजन घेतलं. आपल्या शिकवणीत मंडळी म्हणजे भिंती नाहीत, पाळकही नाहीत. विश्वास धरून पाण्यात उतरलेली माणसं जिथे एकत्र जमतात ती मंडळी. म्हणजे ही मंडळी त्या खोलीत जन्मली. मी त्या खोलीत वाढले. माझा विश्वास तिथला आहे."

थोरात काका अर्धवट उठले. "पाळकसाहेब, ही साक्ष चाललीय की इतिहास?"

"साक्षच चाललीय," पाळकसाहेब म्हणाले. "आपण मध्ये बोलत नसतो, बंधू."

ते बसले. देवळात फक्त पप्पांच्या पेनाचा आवाज येत होता. "त्या खोलीत जन्मली" या शब्दांपाशी ते पेन थांबलं. मला वाटलं, आता हे डोकं वर करतील आणि म्हणतील, करुणा, विषयाला धरून बोल. त्यांनी डोकं वर केलं नाही. पेन झटकलं, टिपकागद दाबला, आणि पुढे लिहीत राहिले. मग मला बाहेर जायला सांगितलं. आतून "हात वर करा" ऐकू आलं, आणि पाळकसाहेबांनी दार उघडून मला आत घेतलं. मंडळीने माझी साक्ष मान्य केली होती.

आमच्या देवळात व्यासपीठाच्या फळ्यांखाली बाप्तिस्म्याचा हौद आहे. एरवी त्यावर टेबल, टेबलावर फुलदाणी. बाप्तिस्मा असला की फळ्या काढायच्या, हौद घासायचा आणि नळाला पाणी येईल तेवढ्या वेळात हंड्यांनी भरायचा. त्या वेळी सगळी चाळ मदतीला आली. सावंत काकाही लुंगी खोचून कळशा वाहत होते आणि बडबडत होते, "आमी गणपती बुडवतंव, तुमी माणसां बुडवतास. पाणी दोगांकय लागता." रविवारी पांढरी साडी नेसून मी त्या पायऱ्या उतरले. पाणी असं गार की तोंडातून शब्द फुटेना. पाळकसाहेबांनी मागे झुकवलं, पाणी कानांत शिरलं, जग एक क्षण बंद झालं, आणि वर आले तेव्हा सगळी मंडळी गात होती. हौदाच्या काठावर टॉवेल घेऊन आत्या उभी होती. मागच्या बाकावरून ती कधी पुढे आली ते मला कळलं नाही. माझं डोकं तिने इतक्या जोरात पुसलं की कानातला डूल हौदात पडला. तो अजून सापडलेला नाही. नंतर आल्याचा चहा आणि खारी. मी कुडकुडत होते आणि इतकी आनंदात होते की खारीचा चुरा पोटापेक्षा साडीवरच जास्त पडला.

महिनाअखेरची सभा इतिहास मंजूर करण्यासाठी होती. देऊळ गच्च भरलं होतं. पाटीचा मजकूर त्याच दिवशी ठरून कारागिराकडे जायचा होता, म्हणजे जे व्हायचं ते त्या एका संध्याकाळी व्हायचं होतं. माझ्या हाताला पहिल्यांदाच किंमत होती आणि तो हात घामाने चिकट झाला होता. थोरातआजी पुढच्या बाकावर शाल घेऊन बसल्या होत्या. प्रथेप्रमाणे आधी मागचं इतिवृत्त. पप्पा एरवी टेबलाशी बसून, खाली मान घालून, एका सुरात वाचत. त्या दिवशी ते पुस्तक घेऊन उठले, पुढच्या बाकापाशी येऊन उभे राहिले आणि मोठ्याने, सावकाश वाचू लागले. आवाज चढला की म्हातारी माणसं दचकतात तशा थोरातआजी दचकल्या आणि जाग्या राहिल्या. पप्पांनी माझी साक्ष सगळी वाचली. आत्याचं नाव वाचलं, सोनाबाईचं वाचलं, मार्थाबाईंचं वाचलं, तलाव वाचला, बिस्किटं वाचली. लोक नेहमीसारखे जांभया देत होते. थोरात काका आपल्या कागदांची जुळवाजुळव करत होते.

"कायम?" पप्पांनी विचारलं.

सगळे हात वर गेले. कागदांतून डोकं न काढता थोरात काकांचाही गेला. पप्पांनी हात मोजले, लिहिलं, सही केली, आणि पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं.

मग थोरात काका उठले आणि घसा साफ करून वाचू लागले, "आपल्या या मंडळीची स्थापना माझे पूज्य वडील..."

"थांबा," पप्पा म्हणाले.

माझ्या आठवणीत त्यांनी सभेत दुसऱ्याचं बोलणं तोडलेलं तेवढंच. त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. कारखान्याच्या गेटावर उशिरा आलेल्याला ते ज्या आवाजात थांबवत, तोच. "हा मजकूर सभेपुढे घेता येणार नाही. सभेने आत्ताच हात वर करून कायम केलंय की ही मंडळी भगिनी सगुणाबाई गायकवाड यांच्या खोलीत जन्मली. बंधू थोरात, तुमचा हातही त्यात मोजलाय. कायम झालेल्या इतिवृत्ताविरुद्ध मजकूर सेक्रेटरी म्हणून मला स्वीकारता येत नाही."

बाहेर नळावर कोणाची तरी बादली भरून वाहत होती. थोरात काका लाल झाले. "साळवे, ती पोरीची साक्ष होती. तुमच्या पोरीची. आणि त्या बाई तुमच्या बहीण."

"म्हणूनच मी स्वतः एक शब्द घातलेला नाही," पप्पा म्हणाले. "मंडळीने घातलाय."

"पण याला पुरावा काय? तुमच्या घरच्यांशिवाय त्या वेळचं माणूस कोण आहे?"

तेवढ्यात पुढच्या बाकावरची शाल हलली. थोरातआजी बाकाला धरून उठल्या. "काय विचारतोय रे हा?" त्यांनी शेजारणीला विचारलं. शेजारणीने त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. आजींनी लेकाकडे बघितलं, आणि कान गेलेली माणसं बोलतात तशा साऱ्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी आहे की. सगुणाच्या खोलीत मी पयल्यापासून जात होते. तुला कडेवर घेऊन जात होते. बिस्किटं खाऊन खाऊन तुला जुलाब झाले होते."

कोणीतरी फिसकन हसलं.

"आई, पण बाबा..." थोरात काका म्हणाले.

"तुझा बाप दारात चपला राखत बसायचा. आत ये म्हटलं की लाजायचा. त्याला आत यायला दोन वर्सं लागली. मानूस देव होता, पण यायला उशीर केला."

"मग हे मला कधी सांगितलं नाहीस ते?"

"तू इचारलंस कधी?"

आता सगळं देऊळ हसत होतं, आणि मला सांगायला आनंद वाटतो की थोरात काकाही हसले. आधी नुसते ओठ हलले, मग खुर्चीत बसून, चष्मा काढून, डोळे पुसत हसले. मग उठले, हातातले कागद दुमडून सफारीच्या खिशात घातले आणि म्हणाले, "दुरुस्तीचा ठराव मीच मांडतो. संस्थापक म्हणून तिघींची नावं."

"पण मग रौप्यमहोत्सवाचं काय?" मागून कोणीतरी विचारलं. "पंचवीस वर्षं होऊन गेली की केव्हाच. पत्रिका छापल्यात."

"बिर्याणीला कुठे कळतंय किती वर्षं झाली," आई म्हणाली. शेवटी पहिल्या पाळकांच्या आगमनाचा रौप्यमहोत्सव करायचा असं ठरलं, म्हणजे पत्रिकाही वाया जाणार नव्हत्या.

ठरावाला अनुमोदन कोण देणार असं पप्पांनी विचारलं. मी दिलं. मंडळीत माझं पहिलं बोलणं ते. मग हात वर करा म्हटलं, आणि मी माझा चिकट हात जितका वर जाईल तितका वर केला. पप्पा मोजत मोजत मागच्या खांबापर्यंत आले आणि थांबले. आत्याचा हात खाली होता.

"भगिनी सगुणाबाई गायकवाड," पप्पा म्हणाले, "तुमचा हात दिसत नाही. विरोधात की तटस्थ?"

"स्वतःसाठी कोण हात वर करतं का रे शम्या?" आत्या म्हणाली.

"स्वतःसाठी नाही. खरं आहे की नाही, एवढंच सभा विचारतेय."

आत्याने हात वर केला. एवढ्या दिवसांनी तिच्या तोंडून शम्या ऐकलं होतं, आणि पप्पांना पुढचे हात मोजता येईनात. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि "एकमताने मंजूर" असं लिहिलं. आमच्या देवळात टाळ्या वाजवायची पद्धत नाही. त्या दिवशी कोणाला ते आठवलं नाही.

रौप्यमहोत्सवाच्या सकाळी पाटीवरचा पडदा आत्या आणि थोरातआजी या दोघींनी मिळून ओढला. एकीने आधी ओढला, दुसरीला कळलंच नाही, मग तो अर्धवट लोंबकळत राहिला आणि थोरात काकांनी स्टुलावर चढून काढला. पांढऱ्या दगडावर काळी अक्षरं होती, तिघींची नावं, आणि खाली, ही मंडळी सगुणाबाई गायकवाड यांच्या खोलीत सुरू झाली. बाहेरच्या मंडळ्यांची माणसं, पाळक, चाळकरी, सावंत काका इस्त्रीच्या शर्टात, सगळे बघत होते. शब्बाथ शाळेची पोरं सवयीने आत्यापुढे रांग लावून उभी होती आणि तिने खरोखरच पिशवी आणलेली होती. तिने पाटी सगळी वाचली. ओठ हलवत, बोट फिरवत, पुन्हा वाचली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. मी तर रडायच्या तयारीत होते.

"खोलीचा नंबर नाही लिहिला," आत्या म्हणाली. "नवीन माणसाला सापडणार कशी?" आणि पोरांना बिस्किटं वाटू लागली.

चाळ आता नाही. तिथे टॉवर आहे, लिफ्टमध्ये आरसा आहे, आणि आत्याची खोली कुठे होती हे मला पार्किंगमध्ये उभं राहूनही नक्की सांगता येत नाही. आत्या नाही, पप्पा नाहीत. सेक्रेटरी मी आहे आणि साक्षी शब्दशः लिहिते. पण देवळाच्या दारापाशी पाटी आहे, आणि तिच्यावर शेवटच्या ओळीत "खोली नंबर सहा" असं कोरलेलं आहे. बारकाईने पाहिलं तर कळतं की ती अक्षरं मागाहून कोरलेली आहेत. पप्पांनी पुढच्याच आठवड्यात कारागिराला बोलावून ती कोरून घेतली. सभा नाही, सूचना नाही, अनुमोदन नाही, कोणाचा हात वर नाही. ठरावाशिवाय त्यांनी मंडळीत केलेलं आयुष्यातलं तेवढं एकच काम. त्याची नोंद कुठल्याही इतिवृत्तात नाही, म्हणून ती मी इथे करून ठेवते.